कुत्र्याचे डोळे वाहू लागतात तेव्हा: घरची तपासणी, स्वच्छता आणि उपचार

सकाळी उठलेल्या कुत्र्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात थोडे चिपड असणे ही रोजचीच गोष्ट आहे. तेच चिपड दिवसातून चार वेळा पुसावे लागत असेल, त्याला हिरवट छटा आली असेल किंवा कुत्रा एक डोळा अर्धवट मिटून वावरत असेल, तर मात्र ती रोजची गोष्ट उरत नाही. या दोहोंच्या मधल्या टप्प्यावर बहुतेक मालकांची चूक होते, कारण ते घाण किती आहे यावरून दुखणे किती मोठे आहे हे ठरवतात. काचबिंदू झालेल्या डोळ्यातून पुष्कळदा नुसते पाणीच गळते, पण त्या डोळ्याची दृष्टी काही तासांत किंवा दिवसभरात कायमची जाऊ शकते. उलट डोळे कोरडे पडलेल्या कुत्र्याच्या पापण्यांवर दिवसभर चिकट घाण साचत असली, तरी ते दुखणे सहसा तासांच्या हिशोबाने वाढत नाही. म्हणून घाण किती आहे हे पाहण्याआधी डोळा दुखतो आहे का, हे पाहावे.

अश्रू कुठे तयार होतात आणि कुठे जातात

ही रचना थोडी समजून घेतली की पुढचे निर्णय सोपे होतात. डोळ्यावर पसरलेल्या अश्रूंच्या पातळ थरात तीन घटक असतात: बुबुळाला (इथे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) चिकटून राहणारा बुळबुळीत श्लेष्मा, त्यावरचे पाणी आणि ते पाणी लवकर उडून जाऊ नये म्हणून सर्वांत वर असलेला तेलाचा पातळ पापुद्रा. तेल पापणीच्या कडेवरील ग्रंथींतून येते. पाण्याचा मोठा भाग डोळ्याच्या वरच्या बाजूला असलेल्या अश्रुग्रंथीतून आणि उरलेला बराचसा भाग तिसऱ्या पापणीच्या ग्रंथीतून येतो. कुत्र्याला ही तिसरी पापणी आतल्या कोपऱ्यात असते आणि एरवी तिची फक्त कडा दिसते. वापरून झालेले अश्रू त्याच कोपऱ्यातील दोन बारीक छिद्रांतून अश्रुनलिकेत उतरतात आणि नाकात पोहोचतात.

म्हणजे डोळ्यातून पाणी गालावर ओघळते तेव्हा दोन शक्यता असतात. एक तर काहीतरी टोचत किंवा दुखत असल्यामुळे अश्रू जास्त तयार होत आहेत, किंवा अश्रू नेहमीएवढेच आहेत पण नलिका तुंबल्याने त्यांना वाट मिळत नाही. चिकट घाणीचे गणित याहून वेगळे आहे: पाण्याचा घटक कमी पडला की श्लेष्मा दाट होऊन साचू लागतो. त्यामुळे वरकरणी फार वाहणारा डोळा प्रत्यक्षात कोरडा असू शकतो, आणि ही विसंगती लक्षात न आल्यामुळे कित्येक कुत्री महिनोन्‌महिने चुकीचे थेंब घेत राहतात.

स्राव पाहून काय कळते

स्वच्छ, पाण्यासारखा स्राव धूळ, वारा, ॲलर्जी, पापणीच्या कडेवर चुकीच्या दिशेने उगवलेले केस, आत वळलेली पापणी, तुंबलेली नलिका, बुबुळावरचा ओरखडा आणि काचबिंदू या सर्वांत दिसतो. अर्थात केवळ पाणी आहे म्हणून निश्चिंत होता येत नाही. पांढरट-करडा, ताणला तर तार सुटेल असा स्राव ॲलर्जीत आणि कोरड्या डोळ्यांच्या सुरुवातीला आढळतो. पिवळा किंवा हिरवा, दाट स्राव जिवाणूंचा संसर्ग झाल्याचे सांगतो. मात्र माणसात जसे डोळे येतात तसा केवळ जिवाणूंमुळे सुरू झालेला दाह कुत्र्यांत तुलनेने कमी आढळतो. बहुधा आधी दुसरे काही बिघडलेले असते आणि संसर्ग त्यावर चढतो. म्हणूनच प्रतिजैविकाच्या थेंबांनी आठवडाभर बरे वाटून, थेंब थांबवताच घाण पुन्हा येऊ लागली, तर औषध बदलण्यापेक्षा मूळ कारण शोधणे अगत्याचे असते.

फिकट रंगाच्या कुत्र्यांत डोळ्याखाली तांबूस-तपकिरी पट्टे उमटतात. ते रक्त नसते. अश्रूंमध्ये पॉर्फिरिन नावाची लोहयुक्त रंगद्रव्ये असतात आणि ओले राहणारे पांढरे केस त्यांनी रंगतात. ती लाळेतही असतात, त्यामुळे सतत चाटलेले पंजेही तसेच तांबूस होतात. डोळा लाल नसेल आणि कुत्रा तो नीट उघडत असेल, तर हे पट्टे बहुतेक वेळा दिसण्यापुरतेच असतात. अश्रू ओघळण्याचे कारण मात्र एकदा तपासून घ्यावे. पट्टे घालवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही पावडरींत प्रतिजैविक असते, आणि केवळ रंगासाठी रोज प्रतिजैविक खाऊ घालणे मला तरी अजिबात समर्थनीय वाटत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे विरंजक द्रव्य तर डोळ्याच्या जवळही नेऊ नये.

घरी डोळे कसे तपासावेत

तपासणीसाठी कुत्रा शांत असतानाची वेळ निवडावी आणि चांगल्या उजेडाच्या खोलीत त्याच्या समोर खाली बसावे. सुरुवातीला हात लावू नये, नुसते पाहावे. दोन्ही डोळे सारखेच उघडे आहेत का, एका डोळ्याची पापणी वारंवार फडफडते का, तो पंजाने डोळा चोळतो का किंवा चेहरा गालिच्यावर घासतो का, उजेडाकडे तोंड करण्याचे टाळतो का, हे एक-दोन मिनिटे न्याहाळावे. डोळा मिचकावणे हे वेदनेचे सर्वांत भरवशाचे लक्षण आहे. कुत्रे डोळ्याच्या दुखण्याने क्वचितच विव्हळते. ते नुसते गप्प होते, जास्त झोपते, कधी खाणे कमी करते, आणि आपण त्याला आळस समजतो.

त्यानंतर दोन डोळ्यांची एकमेकांशी तुलना करावी, कारण निरोगी डोळ्याइतका चांगला मापदंड घरात दुसरा नसतो. बुबुळ काचेसारखे नितळ आणि ओलसर चमकणारे हवे. त्यावर निळसर धूसरपणा, पांढरा ठिपका, खळगा किंवा बारीक रक्तवाहिन्या दिसल्या तर ते नोंदवावे. दोन्ही बाहुल्या सारख्याच आकाराच्या आहेत का आणि बॅटरीचा मंद प्रकाश बाजूने आणल्यावर त्या आकसतात का, तेही पाहावे. पांढऱ्या भागावरची लाली एकसारखी पसरलेली आहे की ठळक, जाड वाहिन्या उठून दिसत आहेत, तिसरी पापणी नेहमीपेक्षा वर आली आहे का, एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा किंवा पुढे आलेला वाटतो का, याकडेही लक्ष द्यावे. डोळ्यांना हात न लावता दोन्ही बाजूंचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवावे. दोन दिवसांनी बदल झाला की नाही हे आठवणीवरून सांगता येत नाही, छायाचित्रावरून सांगता येते.

शेवटी अंगठ्याने खालची पापणी हलकेच खाली ओढावी. आतला भाग फिकट गुलाबी हवा. गवताचे कुसळ किंवा केस दिसला आणि तो मोकळा तरंगत असला, तर सलाइनच्या धारेने धुऊन काढण्याचा प्रयत्न करावा. रुतलेली वस्तू चिमट्याने ओढू नये, कारण ती बुबुळात किती खोल गेली आहे हे बाहेरून समजत नाही. कुत्रा चेहऱ्याला हात लावू देत नसेल, तर बळजबरी न करता तेवढीच बाब पशुवैद्यांना सांगावी, कारण एरवी शांत असलेल्या कुत्र्याने तोंड फिरवणे हेदेखील दुखत असल्याचे लक्षण असते.

एकाच डोळ्यात त्रास असेल तर ओरखडा, आत अडकलेले कण किंवा तुंबलेली नलिका यांचा विचार आधी होतो. दोन्ही डोळे वाहत असतील तर ॲलर्जी, कोरडेपणा किंवा शरीरातील एखादा आजार असण्याची शक्यता वाढते. लस न झालेल्या पिल्लाला दोन्ही डोळ्यांतून व नाकातून दाट स्राव येत असेल आणि सोबत ताप, खोकला किंवा जुलाब असतील, तर डिस्टेंपर या संसर्गजन्य विषाणूच्या आजाराची शंका घेऊन त्याला इतर कुत्र्यांपासून वेगळे ठेवावे व त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. डोळ्याच्या खाली, गालाच्या वरच्या भागात सूज असेल, तर तोंड उघडून वरच्या मोठ्या दाढेकडेही पाहावे. तिच्या मुळाशी झालेला गळू नेमका तिथेच वर येतो आणि मालक कित्येक दिवस डोळ्यावर उपचार करीत राहतात.

कोणत्या लक्षणांत थांबू नये

डोळा घट्ट मिटलेला असणे, बुबुळ अचानक निळसर किंवा धूसर होणे, बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, डोळ्यात रक्त दिसणे, डोळा मोठा किंवा कडक वाटणे, एकाएकी दिसेनासे होणे, जखम होणे किंवा रसायन उडणे यांपैकी काहीही आढळले तर सकाळची वाट पाहू नये. रसायन किंवा साबण डोळ्यात गेला असेल, तर आधी सलाइनने आणि ते नसेल तर स्वच्छ कोमट पाण्याने किमान 15 ते 20 मिनिटे सतत धुवावे आणि मगच निघावे. इथे धुण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

चपट्या तोंडाच्या जातींत, म्हणजे पग, शिह त्झू, पेकिंगीज यांच्यात डोळ्याची खोबण उथळ असल्यामुळे मारामारीत किंवा मान जोरात आवळली गेल्यावर डोळा खोबणीबाहेर येण्याचा प्रसंग घडतो. तो बोटाने आत ढकलू नये. सलाइनमध्ये भिजवलेली स्वच्छ पट्टी त्यावर ओली ठेवून, कुत्र्याला पंजा मारू न देता लगेच दवाखाना गाठावा. अशा कुत्र्यांना गळ्यातील पट्ट्याऐवजी छातीवरचा हार्नेस वापरावा, तो याच कारणासाठी.

डोळा पूर्ण उघडा आहे, लाली किरकोळ आहे, स्राव पाण्यासारखा आहे आणि कुत्रा नेहमीप्रमाणे खेळतो-खातो आहे, अशा वेळी स्वच्छता ठेवून एक दिवस, फार तर दोन दिवस निरीक्षण करता येते. त्याहून जास्त नाही.

स्वच्छता कशी करावी

उकळून कोमट केलेले पाणी किंवा 0.9 टक्क्यांचे निर्जंतुक सलाइन एवढेच पुरेसे आहे. कॉन्टॅक्ट लेन्सच्या बाटलीतील द्रव सलाइनसारखा दिसला तरी त्यात निर्जंतुक करणारी रसायने असू शकतात, म्हणून तो वापरू नये. चहाचे पाणी, दूध आणि मध यांबद्दल आपुलकीने सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. यांतले काहीही निर्जंतुक नसते आणि ओरखडा असलेल्या बुबुळावर त्यांचा उपयोग कमी आणि धोका जास्त असतो.

हात साबणाने धुऊन गॉजचा तुकडा कोमट पाण्यात भिजवावा आणि पिळून वाळलेल्या चिपडावर एक-दोन मिनिटे नुसता धरून ठेवावा. सुटलेले चिपड डोळ्यापासून दूर, हलक्या हाताने पुसावे. ओढून काढल्यास केस उपटतात, कातडी सोलवटते आणि पुढच्या वेळी कुत्रा जवळ येत नाही. दुसऱ्या डोळ्यासाठी नवा तुकडा घ्यावा, आणि एक डोळा निरोगी असेल तर त्याच्यापासून सुरुवात करावी. कापसाचे तंतू सुटून डोळ्यात अडकतात, म्हणून गॉज बरा. शेवटी भोवतालची कातडी कोरडी करावी. चपट्या नाकाच्या कुत्र्यांत नाकावरच्या घडीत ओल साचून तिथे वेगळाच संसर्ग होतो, त्यामुळे ती घडीही पुसून कोरडी ठेवावी. डोळ्यात येणारे केस बोथट टोकाच्या कात्रीने, दुसऱ्या माणसाने डोके धरलेले असतानाच कापावेत. आंघोळीच्या वेळी शाम्पू डोळ्यांपासून दूर ठेवावा, आणि जखमा धुण्यासाठी मिळणारे फेसाळ क्लोरहेक्सिडिन तर डोळ्याजवळ येऊच देऊ नये, कारण त्याने बुबुळ गंभीररीत्या भाजते.

उरलेल्या थेंबांची बाटली

घरातील जुनी बाटली वापरण्याचा मोह सर्वांनाच होतो, आणि या लेखातील माझा सर्वांत आग्रहाचा मुद्दा हाच आहे. डोळ्याच्या पुष्कळ थेंबांत प्रतिजैविकासोबत स्टेरॉइड मिसळलेले असते. ॲलर्जीच्या लालीत ते चटकन आराम देते, पण बुबुळावर ओरखडा किंवा व्रण असेल तर तेच औषध जखम भरू देत नाही, संसर्गाला वाट करून देते आणि व्रण खोल होत जाऊन बुबुळाला छिद्र पडू शकते. बुबुळाचा हा पारदर्शक पडदा कुत्र्यात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. ओरखडा आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. लाली घालवणारे माणसांचे थेंब त्याहून निराळा धोका आणतात: ती बाटली कुत्र्याने चावून गिळली, तर त्याच्या हृदयाची गती व रक्तदाब धोकादायकरीत्या बिघडू शकतो.

दवाखान्यात काय तपासतात

तीन चाचण्या महत्त्वाच्या आहेत, आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. कुठलाही थेंब घालण्याआधी शर्मर चाचणी होते: कागदाची पट्टी खालच्या पापणीत एक मिनिट ठेवून ती किती ओली झाली हे मोजतात. 15 मिलिमीटर किंवा अधिक हे सर्वसाधारण मानले जाते, 10 ते 15 मध्ये शंका घेतली जाते आणि लक्षणे असताना 10 पेक्षा कमी आल्यास डोळे कोरडे असल्याचे निदान होते. मग फ्लुरोसीन हा रंग घालतात. तो ओरखड्याच्या जागी चिकटून निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो, आणि नाकपुडीतून बाहेर आला तर नलिका मोकळी असल्याचेही दाखवतो. तिसरी चाचणी दाबाची. टोनोमीटरने मोजलेला दाब साधारण 10 ते 25 मिलिमीटर पारा एवढा असतो. तो बराच वाढला तर काचबिंदू आणि घटला तर डोळ्याच्या आतील दाह यांची शंका येते. गोचिडांमुळे होणारा एर्लिकिया हा ताप डोळ्याच्या आत दाह व रक्तस्राव घडवू शकतो, त्यामुळे अशा वेळी रक्ततपासणीही सुचवली जाते. दवाखान्यात जाण्याआधी त्या दिवशी डोळे पुसू नयेत आणि थेंब घालू नयेत, म्हणजे स्रावाचे खरे रूप पशुवैद्यांना दिसते.

कोरडे डोळे

वारंवार येणाऱ्या चिकट घाणीमागे हे कारण इतक्या वेळा निघते की त्याबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. बहुतेक कुत्र्यांत शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा अश्रुग्रंथींवर हल्ला करून त्या निकामी करू लागते. कॉकर स्पॅनियल, बुलडॉग, ल्हासा ॲप्सो, शिह त्झू, पग आणि वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर या जातींत हे जास्त दिसते. सल्फा गटातील काही औषधांमुळेही अश्रू कमी होतात, म्हणून आधी कोणती औषधे चालू होती ते पशुवैद्यांना सांगावे. बुबुळ निस्तेज होते, त्यावर रक्तवाहिन्या चढतात, आणि पुढे काळपट रंग साचून दृष्टी अधू होते.

उपचारात सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस हे औषध डोळ्यात घालतात. ते ग्रंथींवरील हल्ला रोखते आणि अश्रू पुन्हा तयार होऊ देते, परंतु त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. पहिल्या दहा दिवसांत फरक नाही म्हणून ते सोडून देणारे मालक पुष्कळ असतात, आणि फरक पडला म्हणून सोडून देणारेही तितकेच. दोघांच्याही कुत्र्याचे डोळे पुन्हा कोरडे पडतात, कारण हे औषध सहसा जन्मभर चालवावे लागते. कृत्रिम अश्रूंचे थेंब सोबत मदत करतात, पण एकट्याने पुरत नाहीत. औषध घालण्याआधी साचलेला श्लेष्मा धुऊन काढला नाही, तर औषध डोळ्यापर्यंत पोहोचतच नाही.

थेंब आणि मलम घालण्याची पद्धत

समोरून बाटली घेऊन आलेला हात पाहिला की कुत्रा मागे सरतो, म्हणून त्याला आपल्या पायांच्या मध्ये पाठमोरे बसवावे किंवा त्याच्या शेजारी एकाच दिशेने तोंड करून बसावे. एका हाताने हनुवटी किंचित वर उचलावी. बाटली धरलेल्या हाताची कड त्याच्या डोक्यावर टेकवावी, म्हणजे त्याने डोके हलवले तरी हातही सोबत हलतो आणि टोक डोळ्याला लागत नाही. वरची पापणी अंगठ्याने मागे ओढून एक थेंब वरून सोडावा. दुसरा थेंब बाहेरच ओघळतो. दोन औषधे असतील तर मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत, आणि मलम नेहमी सर्वांत शेवटी. ते तांदळाच्या दाण्याएवढे पुरते. खालच्या पापणीच्या आत सोडून पापणी क्षणभर मिटवली की ते पसरते. लगेच खाऊ द्यावा. दोन-चार दिवसांत कुत्रा बाटलीचा आवाज ऐकून स्वतःच येऊन बसतो, आणि हा बदल अनुभवलेल्याला ही मेहनत जड वाटत नाही.

उपचार चालू असताना गळ्यातील प्लॅस्टिकचा शंकू काढू नये. कुत्रा कितीही केविलवाणा दिसला तरी एका पंजाच्या फटक्याने भरत आलेला व्रण पुन्हा उघडतो. साधा वरवरचा ओरखडा बहुतेक वेळा आठवड्याच्या आत भरतो. तेवढ्यात न भरल्यास कुठेतरी केस किंवा पापणी घासत असावी. बॉक्सरसारख्या जातींत, आणि मध्यम व उतार वयाच्या कोणत्याही कुत्र्यात, वरचा थर खालच्या थराला धरतच नाही असा हट्टी व्रण होतो आणि तो पशुवैद्यांना खरवडून काढावा लागतो.

पिल्ले आणि म्हातारी कुत्री

पिल्लाचे डोळे जन्मानंतर साधारण 10 ते 14 दिवसांनी उघडतात. त्याआधी मिटलेल्या पापणीखाली फुगवटा आला किंवा फटीतून पू दिसला, तर पापणीमागे संसर्ग कोंडलेला असतो आणि ती त्याच दिवशी पशुवैद्यांकडून उघडून घ्यावी. लहान वयातच कोपऱ्यात लालभडक गोळा दिसला तर ती तिसऱ्या पापणीची घसरून वर आलेली ग्रंथी असते, ज्याला चेरी आय म्हणतात. ती कापून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर दुसरे मत घ्यावे. अश्रूंचा मोठा वाटा तिच्यातून येत असल्याने ती काढलेल्या कुत्र्याला पुढे डोळे कोरडे पडण्याचा धोका असतो, म्हणून तिला शस्त्रक्रियेने परत जागेवर बसवतात. शार पे आणि चाऊ चाऊ जातींच्या पिल्लांत पापणी आत वळून केस बुबुळावर घासतात. वय फार कमी असेल तर तात्पुरते टाके घालून पापणी बाहेर धरतात आणि चेहरा पूर्ण वाढल्यावर कायमची शस्त्रक्रिया लागते का, हे पाहतात.

सहा-सात वर्षांनंतर डोळ्यात निळसर-करडी झाक दिसू लागते आणि घरचे ती मोतीबिंदू समजून घाबरतात. पुष्कळदा ते भिंग वयामुळे घट्ट झाल्याने दिसते आणि कुत्र्याला बऱ्यापैकी दिसत राहते. मोतीबिंदूत मात्र बाहुलीच्या मागे पांढरा, अपारदर्शक पडदा येतो. म्हाताऱ्या कुत्र्याची तहान व लघवी वाढली असेल, वजन घटत असेल आणि काही आठवड्यांतच डोळे पांढरे पडले असतील, तर मधुमेहाची शंका घेऊन डोळ्यांसोबत रक्तातील साखरही तपासून घ्यावी. अशा वेगाने वाढणाऱ्या मोतीबिंदूत भिंगातील द्रव्य गळून डोळ्याच्या आत दाह होतो, आणि तो आवरण्यासाठी थेंब शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधीपासूनच सुरू करावे लागतात.